दहा मिनिटांचे उड्डाण आणि आठ दिवसांची कक्षा

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. सरकारी अवकाश संस्था जे काम वर्षानुवर्षे करत होत्या ते आता खाजगी कंपन्या दहा मिनिटांत करतात, त्यांचे प्रवासी गुरुत्वाकर्षणाच्या बाहेर जाऊन तरंगतात, तिकिटे दरवर्षी स्वस्त होत आहेत आणि म्हणून इस्रोवर खर्च करण्याची गरज उरलेली नाही, असा त्याचा आशय आहे. मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीच्या वर्गातील एका मुलीने हा संदेश वहीत उतरवून आणला आणि "सर, मग इस्रो बंद होणार का?" असे विचारले, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिल्या विधानासाठी संदेशात राकेश शर्मांचा दाखला आहे: 1984 मध्ये त्यांना पाठवायला एका महासत्तेचे बळ लागले, तेच आता एक कंपनी करते. हे तेच काम नव्हे. 20 जुलै 2021 रोजी जेफ बेझोस यांना घेऊन त्यांच्याच ब्लू ओरिजिन कंपनीचे यान सुमारे 107 किलोमीटर उंचीवर, म्हणजे कोल्हापूरहून बेळगाव जेवढे लांब जवळपास तेवढे वर गेले आणि दहा मिनिटांत टेक्सासच्या वाळवंटात उतरले. उंची खरी आहे, पण वर फेकलेला दगड जसा वेग संपताच मागे फिरतो तसेच हे उड्डाण असते, आणि म्हणूनच त्याला उपकक्षीय म्हणतात. पृथ्वीभोवती फिरत राहायचे तर सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर इतका आडवा वेग लागतो. त्या वेगाने कोल्हापूरहून पुणे अर्ध्या मिनिटात येईल. उपकक्षीय यानाचा कमाल वेग याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा असतो, आणि वेग दुप्पट करायचा तर ऊर्जा चौपट लागते, त्यामुळे कक्षेत जाणाऱ्या प्रत्येक किलोला, उंचीचा भाग धरूनही, सुमारे तीस पट ऊर्जा द्यावी लागते. परतताना ही सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वातावरणात टाकावी लागते. जवळजवळ आठ दिवस पृथ्वीभोवती फिरून परतलेल्या राकेश शर्मांच्या यानाला त्यासाठी उष्णतारोधक कवच होते; दहा मिनिटांच्या सफरीला ती परीक्षा एवढ्या कठोरपणे द्यावीच लागत नाही.

दुसरे विधान पाठ्यपुस्तकाच्याच विरोधात जाते. शंभर किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे 97 टक्के असते. प्रवासी तरंगतात ते यान आणि ते स्वतः एकाच वेगाने पडत असतात म्हणून. त्या मुलीला हे सांगून पटले नाही, तेव्हा आम्ही प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडले, पाणी भरले आणि शाळेच्या गच्चीवर गेलो. हातात धरली तोवर धार नीट वाहत होती. झाकण उघडेच ठेवून बाटली सोडली आणि खाली पोहोचेपर्यंत धार थांबली. खाली उभ्या असलेल्या मुलांनी ती पुन्हापुन्हा टाकायला लावली. कंपन्यांच्या प्रवाशांना मिळणारी तीन-चार मिनिटे याच जातीची असतात.

तिकिटांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. अशाच उपकक्षीय सफरी विकणाऱ्या व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीचे तिकीट सुरुवातीला 2 लाख डॉलर होते, 2013 मध्ये अडीच लाख झाले आणि ऑगस्ट 2021 मध्ये साडेचार लाखांवर गेले.

इस्रोविषयीचे विधान मला सर्वांत जास्त लागले, कारण मुले ते खरे मानतात. खाजगी कंपन्यांचे कर्तृत्व मी कमी लेखत नाही: 21 जून 2004 रोजी स्पेसशिपवन या खाजगी यानाने माइक मेल्विल यांना शंभर किलोमीटरच्या वर नेले, हा पराक्रमच होता. परंतु आपल्याकडची गोष्ट पाहा. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा विक्रम-एस हा अग्निबाण 18 नोव्हेंबर 2022 रोजी 89.5 किलोमीटर उंचीवर गेला. तो उडाला श्रीहरिकोट्याहून, इस्रोच्याच तळावरून, आणि कंपनीचे संस्थापक इस्रोतच काम केलेले अभियंते आहेत. जिथून ही कंपनी चढू लागली आहे ती पायरी आपल्या देशाने 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळमधल्या थुंब्याहून पहिला उपकक्षीय अग्निबाण सोडला तेव्हाच ओलांडली होती.

अशा उड्डाणांचा खरा उपयोग कोल्हापूरकरांना तरी दूरचा वाटू नये. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या रडारने साधारण 70 ते 100 किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांची अनेक वर्षे मोजमापे घेतली आहेत. हा थर फुग्यांना गाठता येत नाही आणि उपग्रहांना तिथे टिकता येत नाही, म्हणून तिथे प्रत्यक्ष उपकरण न्यायचे तर उपकक्षीय अग्निबाणच लागतो. कंपन्यांनी अशी उड्डाणे वारंवार आणि कमी खर्चात केली तर इथल्या संशोधकांना ती हवीच आहेत, आणि त्या संदेशात याविषयी एक अक्षरही नाही.