मास्तर, चौक आणि नजरकैद

1971 च्या मार्चमध्ये वाडेकरच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला. सरदेसाईचं शतक, गावसकरचं पदार्पण, सगळं आपल्याला तोंडपाठ. पण तेव्हा त्या देशाचा पंतप्रधान कोण होता? मलाही परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

एरिक विल्यम्स. पोस्टातल्या साध्या नोकरदाराचा पोरगा. बारा भावंडांत थोरला. शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला, इतिहासात डॉक्टरेट मिळवली. गुलामी संपली ती गोऱ्यांच्या दयेपोटी कमी आणि त्यांच्या हिशेबापायी जास्त, असं 1944 च्या पुस्तकात त्याने मांडलं. अमेरिकेत छापलेलं ते पुस्तक ब्रिटनमध्ये यायला 20 वर्षं लागली. झोंबलं असणार!

1955 मध्ये नोकरी गेल्यावर हा गडी थेट पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडफर्ड स्क्वेअर या चौकात उभा राहिला. समोर विधिमंडळाची लाल इमारत, काळा चष्मा, कानात ऐकायचं यंत्र, आणि भाषण कसलं, तर राज्यघटना, वसाहतींचा इतिहास. हमाल, शिंपी, मोलकरणी उभ्याने ऐकायच्या. लोक त्या चौकाला विद्यापीठच म्हणायला लागले. पुढच्याच वर्षी पक्ष काढला आणि निवडणूक जिंकली. मला हा माणूस इथे सगळ्यात जास्त आवडतो. सामान्य माणसाला अवघड गोष्ट कळणार नाही, असं त्याने कधी धरलंच नाही.

वेस्ट इंडीजमधल्या दहा वसाहतींच्या संघराज्यातून जमैका बाहेर पडला तेव्हा विल्यम्स म्हणाला, दहातून एक गेला की उरतं शून्य. 31 ऑगस्ट 1962 ला त्रिनिदाद आणि टोबॅगो स्वतंत्र झालं.

पण 1958 ची संघराज्याची निवडणूक हरल्यावर याच मास्तरांनी तिथल्या भारतीयांना 'हटवादी आणि वैरभावी अल्पसंख्य' म्हटलं होतं. उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या मजुरांची ही नातवंडं. ते मी माफ करू शकत नाही. नको ते ऐकायची वेळ आली की कानातलं यंत्र बंद करायचा, असं तिथे सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण पटतं. कारण शाळेत ज्यांनी त्याला शिकवलं ते इतिहासकार आणि क्रिकेटलेखक सी. एल. आर. जेम्स 1965 मध्ये कसोटी मालिकेचं वार्तांकन करायला मायदेशी आले, तर याच्या सरकारने त्यांनाच घरात नजरकैदेत ठेवलं.

1970 मध्ये तरुण पोरं रस्त्यावर उतरली, तर आणीबाणी. आणि आपला संघ विजय घेऊन परतल्यावर थोड्याच दिवसांत तिथे निवडणूक झाली. विरोधकांनी बहिष्कार टाकलेला. 36 पैकी 36 जागा मास्तरांच्या.