‘सुतारांच्या ऐकीव गप्पा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

दमट हवेतल्या घरात कपाटांसाठी कोणता बोर्ड घ्यावा, या माझ्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणार होते. तीन दिवस झाले, दोन ओळींत मावत नाहीये.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिंकखाली आणि बाथरूममध्ये प्लायवूडच लावा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, आजचा एचडीएचएमआर बोर्ड (लाकडाचे तंतू दाबून केलेला, ओल जास्त सोसणारा दाट बोर्ड) तिथे तितकाच टिकतो. प्लायची ७२ तास उकळण्याची चाचणी गोंदाची असते, लाकडाची नाही. फोम बोर्डाला, म्हणजे पीव्हीसीच्या हलक्या बोर्डाला, मी एका वाक्यात निकालात काढलं. ‘एमआर’चा अर्थ मी चुकीचा दिला. आणि शेवटचं वाक्य तुमच्याच शब्दांत : ‘सुतारांच्या ऐकीव गप्पा शास्त्र म्हणून खपवून तुम्ही वाचकांची दिशाभूल करता.’

चूक आधी मान्य करते. एमआर म्हणजे ओलाव्याला तोंड देणारा प्लाय, पाण्याला नव्हे. त्यात सहसा युरियाचा गोंद असतो, तो हवेतला दमटपणा सोसतो पण पाणी साचलं की हार मानतो. मी घाईत ‘पाणीरोधक’ लिहून गेले. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. त्याबद्दल तुमचे आभार, अगदी मनापासून.

पण एक शब्द चुकला, तर ‘शब्द चुकला’ म्हणावं. दिशाभूल म्हणजे ठाऊक असताना माणसाला चुकीच्या वाटेला लावणं. ज्या बाईला तुम्ही ओळखत नाही, जिचा एकच लेख तुम्ही वाचलात, तिच्या हेतूबद्दल हे लिहिताना तुमचा हात जरासुद्धा थबकला नाही? आणि तेही स्वतःचं नाव न देता?

आता ‘सुतारांच्या गप्पा’.

माझे वडील सुतार होते. शाळा सुटली की मी त्यांच्या कारखान्यात भुसा गोळा करायचे. पुढे ११ वर्षं कटिंगच्या याद्या आणि दुरुस्तीची वही माझ्याकडे होती. कोणतं कपाट परत आलं, कुठे लावलं होतं, कोणता बोर्ड, काय बिघडलं, एवढंच त्या वहीत लिहायचं. ही वही मी अजून जपून ठेवली आहे. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर त्या रात्री ती पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. त्यात मधोमध फुगलेला बोर्ड एकही नाही. फुगलेले सगळे कडेपासून गेलेत. जमिनीला टेकलेली कड, सिंकसाठी कापलेली कड, बिजागरीच्या वाटीचं भोक, पाइपाचं भोक.

बाबा म्हणायचे, ‘कापलेली कड उघडी ठेवू नकोस, कुणाला दिसत नसली तरी.’ ही तुमच्या हिशेबी ऐकीव गप्पा. तिच्यामागचं कारण असं. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा बोर्ड) किंवा एचडीएचएमआरसारखा त्याच जातीचा बोर्ड दाबून तयार होताना वरचे-खालचे पृष्ठभाग जास्त घट्ट होतात आणि मधला गाभा त्या मानाने सैल राहतो. बोर्ड कापला की नेमका तो गाभा उघडा पडतो. दाबून बसवलेले तंतू पाणी पिऊन फुगतात, आणि वाळल्यावर पूर्वीच्या जाडीला परत येत नाहीत. म्हणून एकदा फुगलेली कड कितीही उन्हात ठेवा, बसत नाही. प्लायलाही कडेनेच पाणी लवकर चढतं, कारण तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. हे स्पष्टीकरण मी पुस्तकातून शिकले, पण नियम मला त्याच्या कितीतरी आधी मिळाला होता आणि तो बरोबरच होता.

दुसरी ‘गप्पा’ : शटरला, म्हणजे कपाटाच्या दाराला, बाहेरून मायका लावला तर आतूनही लाव. एकच बाजू झाकली की उघडी बाजू ओल घेते, झाकलेली घेत नाही आणि शटरला पीळ पडतो.

तिसरी : कपाटाची पाठ भिंतीपासून बोटभर सुटी ठेव. एका घरातलं कपाट पाठीकडून बुरशी धरून आमच्याकडे परत आलं. नळ नाही, गळती नाही, भिंत आतली. पलीकडच्या खोलीत दिवसरात्र एसी चालायचा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर साधारण २६ अंशांच्या पृष्ठभागावरच दव धरायला लागतं. ती भिंत त्याहून गार राहायची, आणि तिला चिकटलेल्या प्लायला वाळायला वावच नव्हता. बाबांनी दवबिंदूचं गणित केलं नाही. भिंतीवर हात ठेवला, कपाट पुढे ओढलं, मागे पट्ट्या मारल्या. मग ते कपाट पुन्हा आलं नाही.

तुम्ही ज्या चाचण्यांचे आकडे दिलेत ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. बोर्डाचा तुकडा २४ तास पाण्यात बुडवायचा आणि जाडी किती टक्के वाढली ते मोजायचं, ही चाचणी मला ठाऊक आहे. एचडीएचएमआर तीत चांगला ठरतो, तेही ठाऊक आहे. पण सिंकखालची फळी सलग २४ तास पाण्यात नसते. तिला रोज थोडं पाणी लागतं, ती अर्धवट वाळते, पुन्हा लागतं, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. शिवाय भोवतालची हवा. ६५ टक्के आर्द्रतेत लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, ८० टक्क्यांत १६ च्या आसपास, ९० टक्क्यांत २० वर जातो. २० ही धोक्याची रेघ मानतात, कारण तिच्या खाली लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला बस्तान बसवता येत नाही. म्हणजे कोरड्या हवेतल्या घरात पाण्याचा एखादा शिंतोडा सहज जिरून जातो. दमट घरात फळी आधीच रेघेजवळ उभी असते.

प्रयोगशाळेतला तुकडा मोजून झाला की फेकला जातो. सहा वर्षांनी त्याचं काय झालं हे बघायला सुतारच जातो, कारण बिजागरी निखळली की त्यालाच बोलावतात. त्याने तिथे पाहिलेलं दुसऱ्या सुताराला सांगितलं, तर त्याला तुम्ही ऐकीव म्हणता. तुम्ही स्वतः एकदा तरी सिंकखाली आडवं पडून कुजलेली फळी काढली आहे का?

मी काढली आहे, माझ्याच घरातली. बाबांचं न ऐकता मी तिथे मेलामाइनचा पातळ थर चढवलेला पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) लावला होता. कडांना एजबॅंड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, मारलेला होता, फक्त पाइपासाठी पाडलेल्या भोकाची कड कच्ची राहिली. जोडातून थेंब थेंब पाणी यायचं, दिसायचंही नाही. सात महिन्यांत भोकाभोवती ताटाएवढा फुगवटा आला आणि वरचा थर फाटला. तुम्ही म्हणाल, तो पार्टिकल बोर्ड होता, एचडीएचएमआर नव्हता. मान्य. पण भोक तसंच पडणार, पाडणारा माणूसही तसाच घाईत असणार. चांगल्या प्लायची तीच कड कच्ची राहिली तर ती खराब होते, पण हळूहळू, आणि तोवर स्क्रू धरून ठेवते. दुरुस्तीला वेळ मिळतो. वाचकाला मी तो वेळ देऊ पाहत होते.

उरलेलं थोडक्यात. उकळण्याची चाचणी गोंदाची असते हे मला सांगायला नको. त्या चाचणीत टिकणाऱ्या प्लायमधला फिनॉलचा गोंद सुटत नाही, लाकूड मात्र कुजू शकतं, म्हणूनच लेखात मी औषध मारलेला प्लाय घ्या असं लिहिलं आहे. तो परिच्छेद तुम्ही गाळलात. बोर्ड आतून हिरवा आहे यावर जाऊ नका, हिरवा हा फक्त मिसळलेला रंग आहे. फोम बोर्ड पाण्याला बधत नाही, पण लांब फळीला झोळ येतो, स्क्रू प्लायइतका धरत नाही, आणि पीव्हीसी ८० अंशांच्या सुमारास मऊ पडतं, तेव्हा शेगडीलगत नको. यावर एक वाक्य पुरेसं होतं असं मला अजूनही वाटतं. गोंदातून हवेत सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूबद्दल तुम्ही जाता जाता टोमणा मारलात, त्याला इथे उत्तर देणार नाही.

एचडीएचएमआर कोरड्या भिंतीवरच्या वरच्या कपाटांना, रंगवायच्या शटरना जरूर वापरा. तिथे तो प्लायपेक्षा सपाट राहतो आणि मी स्वतः वापरते. सिंकखाली मी तो सुचवणार नाही, तुम्ही आणखी दहा तक्ते पाठवलेत तरी.

बाबा नवा प्लाय आला की जमिनीवर आडवा टाकून बोटाच्या पेरांनी ठोकत जायचे. आवाज पोकळ आला की पेन्सिलीने फुली. आतले थर नीट भिडलेले नसले की तिथे पोकळी राहते, स्क्रू फिरतो, ओल साचते. ती फुली बिजागरीच्या जागी येऊ नये म्हणून ते अख्खी कटिंगची यादी पुन्हा मांडायला लावायचे आणि मी वैतागायचे. त्यांनी हे कुठल्या वर्गात बसून शिकलं नव्हतं.

लेखातली चूक मी दुरुस्त केली आहे. तुम्ही ते शेवटचं वाक्य मागे घ्या.