कापराचा वास आला म्हणजे संसर्ग नाही, हा समज धोकादायक आहे

मुंबईत पावसाळी तापाची साथ पसरली की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश पुन्हा फिरू लागतो. रोज सकाळी कापूर आणि हिंग हुंगा, जिभेवर चिमूटभर साखर ठेवा. वास आणि चव दोन्ही कळली तर कोणताही विषाणू अंगात नाही, तपासणीवर पैसे घालवू नका. वास आला नाही तर कोरोना नक्की, असे त्यात सांगितलेले असते. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि संदेशाच्या मुळाशी एक खरी गोष्टही आहे, म्हणूनच तो सविस्तर खोडून काढणे आवश्यक वाटते.

खरी गोष्ट अशी की, नाक चोंदलेले नसतानाही अचानक वास जाणे ही २०२० मध्ये कोविडची ठळक खूण ठरली आणि त्या वर्षी जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तिचा लक्षणांच्या यादीत समावेश केला. हा विषाणू वास ओळखणाऱ्या चेतापेशींपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत प्रामुख्याने शिरतो आणि त्या निकामी झाल्या की वास कळेनासा होतो. मात्र वास गेल्याने संशय बळावतो, तसा वास शाबूत असल्याने तो फिटत नाही. ब्रिटनमधील लसवंत रुग्णांच्या नोंदींत डेल्टाच्या काळात सुमारे ५३ टक्क्यांनी वास गेल्याचे सांगितले होते, तर ओमायक्रॉनच्या काळात सुमारे १७ टक्क्यांनीच. म्हणजे संदेशावर विसंबून सहापैकी पाच बाधित निर्धास्तपणे लोकलच्या गर्दीत शिरले असते.

काटेकोर मोजणी केली तर वासातील घट अधिक जणांत सापडते, हा आक्षेप रास्त आहे. इराणमध्ये २०२० साली रुग्णालयातील ६० कोविड रुग्णांची ४० गंधांची प्रमाणित चाचणी घेतली, तेव्हा ५९ जणांत कमी-अधिक दोष आढळला, पण वास किंवा चव गेल्याची तक्रार स्वतःहून केवळ ३५ टक्क्यांनी केली होती. मात्र त्या चाचणीत कोणता गंध आहे हे आधी ठाऊक नसते आणि प्रत्येक वेळी चार पर्यायांतून एक निवडावा लागतो. घरी हिंगाची डबी आपणच उघडतो; काय येणार हे मनाला आधीच माहीत असते आणि वास अर्धा उरला असला तरी उत्तर ‘आला’ असेच मिळते.

त्यातही कापराची निवड विशेष चुकीची आहे. कापूर, व्हिक्स किंवा कापलेला कांदा यांचा थंडावा आणि झोंबरेपणा वासाच्या नसेखेरीज चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेलाही जाणवतो, त्यामुळे वास पूर्ण गेलेल्या माणसालाही ‘काहीतरी’ कळते. शिवाय कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. तो त्यांच्या हाती लागता कामा नये. साखरेचेही तेच: गोडवा जिभेला कळतो, पण पदार्थाचा खरा स्वाद बव्हंशी नाकावाटे येतो, म्हणून आमटीचा स्वाद गेलेल्यालाही साखर गोडच लागते.

‘कोणताही विषाणू’ हे शब्द मला सर्वांत घातक वाटतात. डेंग्यूत वास जाणे हे नेहमीचे लक्षण नाही. मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस (साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा जिवाणूजन्य ताप, म्हणजेच लेप्टो) तर विषाणूजन्यही नाहीत. साचलेल्या पाण्यातून चालत घरी आलेल्या माणसाला चार दिवसांनी ताप भरला आणि कापराचा वास येतो म्हणून तो घरीच थांबला, तर लेप्टोच्या उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. अशा तापात डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचे सांगून रक्त तपासून घ्यावे.

उरला ‘वास आला नाही तर कोरोना नक्की’ हा भाग. साध्या सर्दीत चोंदलेले नाक, सायनसचा त्रास, नाकातील कोंब, ॲलर्जी, डोक्याला मार, पार्किन्सन, इतकेच काय नुसते वय, यांनीही वास कमी होतो. ६५ ते ८० वयोगटातील निम्म्याहून अधिक लोकांत मोठी घट आढळल्याची नोंद १९८४ पासून आहे. मात्र नाक मोकळे असताना वास एकाएकी गेला, तर मास्क लावून वेगळे राहावे आणि कोविडची तपासणी करावी. वास परत येईपर्यंत घरातील गॅसची गळती त्या व्यक्तीला कळणार नाही, म्हणून शेगडीचे नॉब आणि सिलिंडर किंवा पाइपचा व्हॉल्व्ह रोज रात्री दुसऱ्या कोणीतरी तपासावा.