दोन हजारांचा वॉकीटॉकी आणि पन्नास किलोमीटरची थाप

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: "पुरात मोबाईल बंद पडतात. ऑनलाइन दोन हजारांत मिळणारा वॉकीटॉकी घरात ठेवा. ५ वॉट, रेंज ५० किमी. लायसन्स लागत नाही, आपत्तीत तर कोणालाही परवानगी असते. हॅम क्लबचा रिपीटर पकडला की अख्ख्या महाराष्ट्रात बोला. पोलीस, फायर ब्रिगेडशी थेट संपर्क. वीज नको, इंटरनेट नको. चार्ज करून कपाटात ठेवा, वेळ आली की कामी येईल." खाली बाओफेंग यूव्ही-५आर किंवा त्याच घाटाच्या काळ्या सेटचा फोटो. मग हौशी रेडिओ क्लबांकडे, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्या 'हॅम' मंडळींच्या क्लबांकडे, विचारणा सुरू होते: सेट आलाय, फ्रिक्वेन्सी पाठवा.

मेसेजमधलं पहिलं वाक्य खरं आहे. मोबाईल टॉवरची बॅटरी काही तास टिकते, त्यानंतर डिझेल जनरेटर; रस्ता बुडाला की डिझेल पोचत नाही. टॉवर उभा असला तरी त्याला जोडणारी फायबर पुलाबरोबर वाहून गेली तर उपयोग शून्य. त्यापुढच्या वाक्यांचं मात्र एकेक करून बघावं लागेल.

"५ वॉट, रेंज ५० किमी."

हा सेट चालतो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवर. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे वॉटपेक्षा उंची महत्त्वाची. हिशेब सोपा आहे: दोन्ही अँटेनांची मीटरमधली उंची घ्या, प्रत्येकीचं वर्गमूळ काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. दोन माणसं सपाट माळावर सेट तोंडाशी धरून उभी आहेत, म्हणजे उंची दीड-दीड मीटर. उत्तर १० किमी. तेही मध्ये झाड, घर, टेकाड काही नसताना. शहरात, सिमेंटच्या स्लॅबखाली, सोबत आलेल्या आखूड रबरी अँटेनावर एक-दोन किमी मिळाले तरी पुष्कळ.

मग ५० चा आकडा आला कुठून? डोंगरमाथ्यावरून. आजूबाजूच्या मुलखापेक्षा ७५० मीटर उंच माथ्यावर उभं राहिलं की याच सूत्राने खालच्या माणसापर्यंत ११८ किमी निघतात, आणि ५ वॉट त्याला पुरतातही. म्हणजे आकडा खोटा नाही, पण तो गडावरच्या माणसाचा आहे. पुरात अडकलेला माणूस गडावर नसतो, नदीकाठी असतो. चिपळूण घ्या. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. तिथून कोयनानगर हवाई अंतराने तीस किमीच्या आतबाहेर, पण मध्ये सह्याद्री उभा. खालून हातातल्या सेटवर पलीकडे काही ऐकू जाणार नाही, ५ वॉटचे ५० केले तरी नाही.

ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी जास्त वॉटच्या सेटवर खर्च करण्याआधी अँटेना बदलावी. दोन मीटरच्या पट्ट्यासाठी (लहरीची लांबी सुमारे दोन मीटर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) पाव-लहरीची ग्राउंड प्लेन अँटेना घरी होते: केबल जोडायचं एक एसओ-२३९ सॉकेट, मधल्या पिनेला ४९ सेंमीची उभी पितळी किंवा तांब्याची काडी, चार कोपऱ्यांच्या भोकांना ५१-५२ सेंमीच्या चार काड्या, खाली ४५ अंशांत वाकवलेल्या. गच्चीवर पाइपच्या टोकाला बसवली की रबरी अँटेनाशी तुलनाच राहत नाही. इथे बहुतेकांची चूक केबलमध्ये होते. स्वस्त म्हणून बारीक आरजी-५८ आणतात. १४५ मेगाहर्ट्झवर तिच्या २० मीटरमध्ये सुमारे ४ डेसिबल जातात, म्हणजे ५ वॉटमधले दोनच वर पोचतात. एलएमआर-४०० जातीच्या जाड केबलमध्ये तेवढ्याच लांबीला एक डेसिबल जातो. दुसरी चूक म्हणजे वरचा सांधा उघडा ठेवणं. पहिल्याच पावसात पाणी केबलच्या आतल्या तारांच्या जाळीतून उतरतं आणि केबल कायमची बाद होते. सांध्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग, म्हणजे स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची, वरून साधी काळी टेप.

"लायसन्स लागत नाही."

लागतं. भारतात परवान्याशिवाय वापरता येणारे हातातले सेट आहेत, पण ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले, अर्ध्या वॉटचे. त्यांनाही उपकरण-मान्यता असावी लागते. फोटोतला सेट त्यात बसत नाही. कोणी सांगेल की तो ४४६ वर लावता येतो. लावता येतो, पण शक्ती आणि मान्यता या दोन्ही अटी तिथेच मोडतात. ऑनलाइन विक्रीत हा घोळ इतका वाढला की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि पाठोपाठ अशा विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली. कार्टमध्ये टाकता येतं म्हणून ते कायदेशीर, हा समज सोडलेला बरा.

"आपत्तीत कोणालाही परवानगी असते" हे वाक्य अमेरिकी नियमांच्या चर्चेतून उचललेलं दिसतं. जीव जात असताना मारलेल्या हाकेबद्दल कोणी बोट दाखवणार नाही. पण त्या एका प्रसंगाच्या नावाखाली विनापरवाना सेट वर्षभर बाळगायला मोकळीक मिळत नाही.

आपल्याकडे हौशी रेडिओचे नियम १९७८ चे, आणि त्यात आपत्तीची तरतूद आहे ती वेगळ्याच प्रकारची. एरवी हॅमने तिऱ्हाइताचे निरोप पोचवायचे नसतात. भूकंप, पूर, वादळ, मोठी आग यांत पोचवता येतात, पण जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाच्या सक्षम अधिकाऱ्याकडून निघालेले आणि तशाच अधिकाऱ्याला जाणारे. म्हणजे हॅमची जागा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या टेबलाशी असते. क्लबने हे पावसाळ्याआधी कलेक्टर कचेरीत जाऊन ठरवून घ्यायचं असतं: कुठल्या खोलीत स्टेशन, अँटेना कुठल्या गच्चीवर, गच्चीची किल्ली कोणाकडे. किल्लीचा मुद्दा किरकोळ वाटतो, आणि रविवारी रात्री अडतं तिथेच.

परवाना मिळणं फार अवघडही नाही. वयाची १२ वर्षं पूर्ण हवीत. दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर अर्ज, मग रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम यांवर परीक्षा. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही, कॉलसाइन, म्हणजे हवेतलं तुमचं अधिकृत नाव, व्हीयू३ ने सुरू होतं. जनरल श्रेणीला मिनिटाला ८ शब्दांचं मोर्स, कॉलसाइन व्हीयू२ ने. पडताळणीला वेळ लागतो, तेव्हा मे महिन्यात अर्ज करून जूनमध्ये बोलायला मिळेल अशी आशा धरू नये.

"रिपीटर पकडला की अख्ख्या महाराष्ट्रात बोला."

रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेला सेट: एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो, तेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर त्याच क्षणी पाठवतो. त्याच्या नजरेत जेवढा मुलूख येतो तेवढाच त्याचा. घाटाच्या सावलीतलं खोरं त्याच्या पायथ्याशी असलं तरी कोरडं राहतं. शिवाय एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. शंभर जणांनी कपाटातून सेट काढून एकदम बटण दाबलं तर ऐकू येते ती फक्त शिट्टी आणि खरखर.

आणि "पकडणं" हे आपोआप होत नाही. यूव्ही-५आरवर करायचं ते असं. आधी वरच्या ओळीवर, म्हणजे ए वर या आणि फ्रिक्वेन्सी मोडमध्ये जा. खालच्या ओळीवरून चॅनेल नीट साठत नाही. मेनू ७, टीडीआर, बंद करा. दोन्ही ओळी ऐकत राहण्याची ती सोय आहे, आणि नवशिक्याचा आवाज भलत्याच फ्रिक्वेन्सीवर जातो तो बहुतेकदा हिच्यामुळे. रिपीटर पाठवतो ती फ्रिक्वेन्सी टाका. मेनू २६ मध्ये रिपीटरच्या ऐकण्याच्या आणि पाठवण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक ००.६००, म्हणजे ६०० किलोहर्ट्झ. मेनू २५ मध्ये दिशा, सहसा उणे. मेनू १३ मध्ये रिपीटरचा टोन, म्हणजे आवाजाखालून जाणारा बारीक सूर, जो ऐकल्यावरच रिपीटर उघडतो. मेनू ११ बंदच ठेवा, नाहीतर टोन न पाठवणारा रिपीटर समोर बोलत असूनही सेट गप्प बसेल. मग मेनू २७ मध्ये साठवा.

रिपीटर ऐकू येतोय पण तुम्हाला कोणी उत्तर देत नाही, असं झालं तर दहात नऊ वेळा टोन किंवा फरक चुकलेला असतो. बटण सोडल्यावर क्षणभर त्याची शेपटी, म्हणजे बंद होण्याआधीची त्याची खरखर, ऐकू आली का बघा. आली नाही तर तो उघडलाच नव्हता. उघडतो पण आवाज बारीक जातो, असं असेल तर मेनू ५ मध्ये वाइड-नॅरो, म्हणजे सिग्नलची रुंदी, तपासा. आणि बटण दाबल्या दाबल्या बोलू नका: रिपीटर जागा व्हायला अर्धा-एक सेकंद घेतो, पहिला शब्द तिथेच कापला जातो. "नको आहे पाणी" यातला "नको" गेला तर काय होईल ते सांगायला नको.

"पोलीस, फायर ब्रिगेडशी थेट संपर्क."

नाही. त्यांच्या फ्रिक्वेन्सी त्यांच्या आहेत, त्यावर बोलणं गुन्हा आहे, आणि जिथे यंत्रणा डिजिटल झाली आहे तिथे हा साधा एफएम सेट काही समजूच शकत नाही. उलट धोका असा की सेट १३६ ते १७४ मध्ये कुठेही पाठवतो. बोटं चाळवत १५६.८ वर कोणी बटण दाबून धरलं तर तो समुद्रावरचा संकटकाळाचा चॅनेल १६ आहे. कोकण किनाऱ्यावर ही कल्पनेतली भीती नाही. हॅमला भारतात या भागात १४४ ते १४६ एवढंच.

"वीज नको."

बॅटरी ७.४ व्होल्ट, १८०० मिलीअँपिअर-तास. पूर्ण शक्तीवर बोलताना सेट साधारण दीड अँपिअर ओढतो, म्हणजे नुसतं बोलत राहिलात तर सव्वा तासात खेळ खलास. बेताने वापरला तर दिवसभर. पण चार्जिंगला त्याची स्वतःची बैठक लागते; पॉवर बँकेची नेहमीची वायर बहुतेक सेटांत कुठे खुपसायची हेच कळत नाही. मोटारीच्या १२ व्होल्टवर चालणारा, सेटला बॅटरीच्या जागी बसणारा बॅटरी एलिमिनेटर जवळ हवा.

"कपाटात ठेवा, वेळ आली की कामी येईल."

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, कारण बाकीचं सगळं जमलं तरी काम इथे अडतं. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालची हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेची तुकडी पोर्ट ब्लेअरमध्येच होती, हौशी मोहिमेसाठी. स्टेशन आधीच उभं होतं, हात बसलेले होते, म्हणून हजार किमीहून दूरच्या मुख्य भूमीशी संपर्क राहिला. आणि तो एचएफवर, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरींवर. हातातल्या व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या) सेटचं ते कामच नव्हतं.

चिपळूण-महाडसारख्या खोऱ्यांना एचएफच लागतं, तेही ४० मीटरच्या पट्ट्यावर, मुद्दाम खाली बांधलेल्या डायपोलसह, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनासह. अँटेना चार-पाच मीटरवर ठेवली की लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) परतून तीन-चारशे किमीच्या टापूत सगळीकडे उतरते. सह्याद्री मध्ये असला काय नि नसला काय. रिस्ट्रिक्टेड परवान्यावरही हा पट्टा मिळतो. ७.१ मेगाहर्ट्झला एकूण लांबी सुमारे २० मीटर येते. घरगुती वायरिंगच्या दीड चौरस मिमी तारेचे १०.३ मीटरचे दोन तुकडे घ्यावेत आणि मग छाटावेत. दोन्ही बाजूंनी १० सेंमी कापले की सुमारे ७० किलोहर्ट्झने वर सरकतं. मीटरवर सर्वांत कमी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचं माप) ७.० मेगाहर्ट्झच्याही खाली दिसला तर तार अजून लांब आहे. रात्री हा पट्टा जवळच्यांना सोडून लांबच्यांना ऐकवू लागतो. तेव्हा ८० मीटरवर जावं लागतं, आणि त्याची दुप्पट लांब तार दिवसाउजेडी बांधून ठेवलेली असावी लागते.

विजेचाही हिशेब हवा. एचएफ सेट ऐकताना साधारण एक अँपिअर घेतो: दिवसाचे २४ अँपिअर-तास. तासाला सहा मिनिटं बोलणं, शक्ती २५ वॉटवर आणून सरासरी ८ अँपिअर धरले तर आणखी १९. एकूण ४३. यूपीएसमधली ७ अँपिअर-तासांची बॅटरी इथे काय पुरणार; घरच्या इन्व्हर्टरची १५० ची अर्धी वापरली तर दीड दिवस निघतो. सेटला वायर मात्र जाड आणि आखूड द्यायची. पाच मीटर दीड चौरस मिमी वायरवरून १०० वॉटला लागणारे २० अँपिअर खेचले की दोन व्होल्टहून जास्त वाटेतच पडतात. सेट ऐकताना ठणठणीत चालतो आणि बोलायला लागलं की बंद पडतो.

राहिला निरोप. क्लबच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी एका फ्रिक्वेन्सीवर भरणाऱ्या बैठकीत, सराव होतो तो याचाच. नेट चालवणारा एक, बाकीचे त्याने नाव पुकारल्याशिवाय बोलत नाहीत, आणि प्रत्येक बोलण्यानंतर दोन सेकंद जागा सोडतात, कोणाला तातडीने "ब्रेक" म्हणायचं असेल म्हणून. निरोप आधी कागदावर: क्रमांक, तातडी, वेळ, कोणाकडून, कोणाला, मजकूर. आकडे एकेक करून सांगायचे. खरखरीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच ऐकू येतात, पंचवीस आणि पस्तीसही. "पाच नऊ" म्हटलं की भानगड नाही. गावाबरोबर तालुका बोलायचाच, कारण वडगाव आणि पिंपळगाव कुठल्या जिल्ह्यात नाहीत? घेणाऱ्याने अख्खा निरोप परत वाचून दाखवायचा आणि पाठवणाऱ्याने "बरोबर" म्हटल्यावरच कागदावर पोच-वेळ लिहायची.