हीट पंप 'लावा आणि विसरा'? त्या मेसेजचं ऐकू नका

लोणावळा, कर्जत, अलिबागकडच्या बंगलेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो. स्विमिंग पूलच्या हीट पंपाला (हवेतली उष्णता घेऊन पूलचं पाणी तापवणाऱ्या मशीनला) देखभाल लागत नाही, पावसाळ्यात तो प्लास्टिकमध्ये घट्ट बांधा, दर थंडीआधी गॅस भरून घ्या, पाइप रिकामे करा, पाहुणे यायच्या आदल्या रात्री तापमानाचं सेटिंग ४० अंशांवर ठेवा आणि खाली पाणी दिसलं तर मशीन गळतंय असं समजा. मी हीच मशिनं दुरुस्त करतो. या सल्ल्यांनी खराब झालेली मशिनं पाहिलीत आणि विनाकारण बोलणी खाणारे केअरटेकरही.

प्लास्टिकचा सल्ला सगळ्यात घातक. मशीन उघड्यावर बसवायलाच बनवलेलं असतं, पावसाने त्याला काही होत नाही. जमिनीतली ओल मात्र प्लास्टिकखाली चार महिने कोंडते. पत्रा आणि स्क्रू गंजतात, कनेक्शनं हिरवी पडतात. शिवाय आडोसा मिळाला की मुंग्या, पाली, उंदीर मुक्कामालाच येतात. एका पालीने सर्किट बोर्ड शॉर्ट झालेला मी स्वतः बदललाय. वापर नसेल तर फक्त माथा झाका, बाजू मोकळ्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा झाकण काढून मशीन अर्धा तास चालवा. अलिबागला खारा वारा कॉइलच्या, म्हणजे हवेतली उष्णता घेणाऱ्या जाळीच्या, ॲल्युमिनियमच्या पात्या खातो, म्हणून तिथे वीज बंद करून महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने कॉइल धुवा. गाडी धुण्याचा प्रेशर पंप अजिबात नको. पात्या दुमडल्या की हवा अडते, आणि हे मशीन उष्णता हवेतूनच घेतं.

आता गॅस. तो फ्रिजमधल्यासारखा बंद नळीत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅसही निघून जाणार. गरजेपेक्षा जास्त भरला तर दाब वाढून मशीन ट्रिप होतं. नव्या मशिनांतला आर-३२ थोडा ज्वलनशीलही असतो, तेव्हा हे काम शिकलेल्या माणसाचंच. 'पाणी तापत नाही' अशी तक्रार आली की मी गॅसच्या आधी फिल्टरचा दाब बघतो. वाळूचा फिल्टर तुंबला की पाण्याचा फ्लो कमी होतो आणि मशीन एरर दाखवून थांबतं. बॅकवॉश केला, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुतला, की बरेचदा तेवढ्यानेच काम होतं. थंडीआधी खरं करायचं ते हेच, आणि पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आहे ना हे बघणं. क्लोरीनचा जादा डोस टाकताना मशीन बायपासवर घ्या, म्हणजे पाणी मशीनमधून न जाता बाजूने वळवा.

पाइप रिकामे करण्याचा सल्ला बर्फ पडणाऱ्या देशांतला आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, पण तिथेही रात्री पूलचा पंप चालू ठेवला की पुरतं. थंड पहाटे कॉइलवर पांढरं हिम दिसलं तर खरवडू नका, मशीन ते आपणच वितळवतं.

सेटिंग ४० वर ठेवल्याने पाणी लवकर तापत नाही. कुठे थांबायचं एवढंच तो आकडा सांगतो. ५०,००० लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ५८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. १५ किलोवॅटच्या मशीनला त्यासाठी जवळपास चार तास हवेत, म्हणजे २२ वरून २८ वर जायला पूर्ण दिवस. तोही हवा उबदार असेल तर, कारण थंड हवेत मशीनची ताकद घटते. म्हणून ते रात्री नव्हे, दुपारी चालवा. आणि रात्री पूलवर कव्हर घाला. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता निघून जाते. उघड्या पूलमधून २०० लिटर उडालं तर दोन अंशांहून जास्त गमावले, वीजबिलासकट.

राहिलं मशीनखालचं पाणी. थंड कॉइलवर हवेतला दमटपणा साचून ठिबकतो, एसीसारखाच. दमट दिवसांत तासाला काही लिटरही पडतं. शंका असेल तर हीटिंग बंद करा, पूलचा पंप मात्र चालू राहू द्या. काही तासांत ठिबक थांबलं, तर केअरटेकरने काहीही बिघडवलेलं नाही. थांबलं नाही तर मला फोन करा.