नळ चालू राहिला आहे

ज्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तेथे अंगणात माशांसाठी तळे बाळगणे ही शेजाऱ्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच होय. उजनी धरणातून शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून आलेले पाणी गल्लीभर पिंपांत आणि घागरींत कोंबले जात असताना आमच्या अंगणात मात्र ते ८ फूट लांब आणि ६ फूट रुंद खड्ड्यात निवांत पहुडलेले असे. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात गावासाठी तळे खोदले, आमच्या तीर्थरूपांनी ते अंगणात खोदले, आणि पुण्य दोघांनाही सारखेच लाभेल अशी तीर्थरूपांची प्रामाणिक समजूत होती.

मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला, की उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटिमीटरभर सहज उतरते. ऐकायला हे किरकोळ वाटते. परंतु आमच्या तळ्याच्या मापाने ते रोजचे सुमारे ४५ लिटर, म्हणजे तीन घागरी होतात. सूर्यनारायणाला एवढे अर्घ्य देणारे घर पंचक्रोशीत दुसरे नसावे. पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. माशांची विष्ठा, कडुनिंबाचा पाला आणि ऊन यांच्या संगनमताने शेवाळ माजते, आणि आठवड्याभरात तळ्याला पालकाच्या पातळ भाजीची कळा येते. डासांच्या अळ्या शोधायला येणारे आरोग्य कर्मचारी तर आमच्या फाटकापाशी आले, की विजेरी आधीच पेटवून ठेवीत. त्यांनीच सोडलेल्या गप्पी माशांनी अळ्या खाल्ल्या हे खरे. पण स्वतःची लोकसंख्या ज्या वेगाने वाढवली, तो पाहता डास परवडले असे सौभाग्यवती म्हणू लागल्या.

अखेर तळे बुजवून, देखभाल फारशी लागणार नाही असे वाहते पाणी करायचे ठरले. खड्ड्यात ५०० लिटरची टाकी पुरायची, तिच्या तोंडावर जाळी आणि जाळीवर नदीतले गोटे पसरायचे, टाकीत बुडालेल्या छोट्या पंपाने पाणी दगडी पन्हळीपर्यंत चढवायचे आणि तेथून पडलेली धार गोट्यांमधून पुन्हा टाकीत जिरवायची, अशी ही योजना. पाणी अंधारात राहिल्यामुळे शेवाळाला ऊन मिळत नाही, उघडा पृष्ठभाग नसल्यामुळे वाफही कमी होते आणि डासांना अंडी घालायला साचलेले पाणी सापडत नाही.

गवंड्याने हे सारे शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे साहेब, पाणी हाय, पण दिसायचं न्हाई."

"बरोबर."

"आन् त्याला पैसे घालायचे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आगाऊ रक्कम मात्र होती. गप्पी मासे पलीकडच्या हौदात स्थलांतरित झाले, उरलेला खड्डा मुरमाने भरला आणि पन्हळीतून धार पडू लागली. पन्हळीवर साचणारा क्षारांचा पांढरा थर अधूनमधून लिंबाच्या फोडीने घासणे आणि टाकीत पंप बुडेल एवढे पाणी राखणे, याखेरीज खरोखरच काही काम उरले नाही.

उरला तो आवाज. सोलापूरकराचा कान मध्यरात्रीही नळाला आलेले पाणी ओळखतो. पहिल्याच सकाळी दूधवाल्याने हाक मारली, "ओ काका, नळ चालू राहिलाय बघा!" मग पेपरवाला, मग फिरायला निघालेली मंडळी. एका निवृत्त गृहस्थांनी पाणी कसे फिरून फिरून तेच येते याचे माझे साद्यंत निरूपण मान डोलावत ऐकले आणि शेवटी विचारले, "ते झालं हो, पण कॉक कुठंय?"

शेजारच्या आजींनी तर निरूपणाची वाटच पाहिली नाही. त्यांनी घागर आणून थेट पन्हळीखाली लावली. "वाया चाललंय की रे बाबा, माझ्या अबोलीला तरी घालते." आमच्या गावात पाण्याला नाही म्हणता येत नाही. घागर भरली, मग दुसरी भरली, टाकीची पातळी उतरली आणि पंप कोरडा पडून घरघरू लागला, तेव्हा आजींनी पदर खोचून मला धीर दिला, "गेलं का पाणी? असू दे, आता परवाच येईल."