मार्चमध्ये टीबी, डिसेंबरमध्ये एड्स

आज सकाळी तालुक्यातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर टीबीचे औषधोपचार घेणारी माणसे ओळीने उभी केलेली, प्रत्येकाच्या हातात तूरडाळ, शेंगदाणे, गूळ आणि तेलाची पिशवी, मागे पदाधिकारी आणि खाली सगळ्यांची नावे आडनावांसह. त्यातल्या एका बाईने पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता. अर्ध्या तासात खाली कोणीतरी विचारले, "हिचा नवरा कशाने गेला होता?" त्यावर दुसऱ्या कोणी उत्तर म्हणून नुसते जोडलेल्या हातांचे चित्र टाकले. एवढ्यावरून वाचणाऱ्यांना काय समजायचे ते समजले.

फोटो काढून टाकण्याची विनंती मी केली, तेव्हा मला "ताई, चांगल्या कामात खोड काढू नका" असे सांगण्यात आले. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पिशवी वाईट नाही, हे मला मान्य आहे. टीबीच्या माणसाला अन्न लागते, सरकार निक्षय पोषण योजनेतून पूर्वी महिन्याला ५०० रुपये देत असे आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये देते, त्याला निक्षय मित्रांच्या, म्हणजे टीबीच्या रुग्णांना स्वेच्छेने आहार देणाऱ्यांच्या, डाळ-तेलाचा आधार झाला तर चांगलेच आहे. पण रुग्णाने दिलेली संमती ही मदत घेण्याची असते, आपला चेहरा आणि आडनाव गावभर फिरवण्याची नसते. आणि ज्या बाईला टीबीसोबत एचआयव्हीही आहे, तिच्यासाठी असा फोटो म्हणजे काय असते, ते मी आमच्या घरात पाहिले आहे.

ही गोष्ट माझ्या चुलत वहिनीची. तिला विचारून लिहीत आहे. गाव आणि तालुका मुद्दाम लिहीत नाही. दादा सुरतेला लूमवर होते. शेवटच्या वर्षी अगदी हाडांचा सापळा होऊन परत आले आणि गेले, तेव्हा घरात सर्वांनी "टीबी झाला होता" एवढेच सांगितले. ते खोटे नव्हते, फक्त अर्धे होते. त्यांची एचआयव्हीची तपासणी झाली होती का आणि झाली असेल तर ती कोणाला ठाऊक होती, हे आजही आम्हाला माहीत नाही. वहिनीला कोणी काहीच सांगितले नाही. तिला कोणी तपासायलाही नेले नाही.

पुढे तिला रोज संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, रात्री घामाने अंगावरचे कपडे भिजू लागले, आणि मानेला बोराएवढी गाठ आली. खोकला जवळजवळ नव्हता. एका खाजगी दवाखान्यात थुंकी तपासली, त्यात काही निघाले नाही, म्हणून टीबी नाही असे सांगून टॉनिक आणि तापाच्या गोळ्या दिल्या गेल्या. मोठ्या मायने, म्हणजे वहिनीच्या सासूने, बाहेरचे काही असेल म्हणून अंगारा लावला. असे कित्येक आठवडे गेले. शेवटी ग्रामीण रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरने गाठीतले पाणी सुईने काढून सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू यंत्रावर शोधणाऱ्या तपासणीला, पाठवले, त्याच दिवशी तिला आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन व तपासणी केंद्रात, पाठवले, आणि दोन्ही आजार एकदमच पुढे आले.

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्याकडे भिंतीभिंतीवर लिहिलेले असते की दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. सर्वसाधारण माणसासाठी ते बरोबर आहे. परंतु एचआयव्ही असलेल्या माणसासाठी ही दोन आठवड्यांची अट लागू नाही. त्याला एक दिवसाचा खोकला असो, ताप असो, वजन उतरलेले असो किंवा रात्री घाम येत असो, यातले एक जरी असले तरी टीबीची तपासणी करायची असते. प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असली की अनेकदा फुप्फुसात पोकळ्या होत नाहीत, थुंकीत जंतू कमी उतरतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाहीत, कधी एक्स-रेसुद्धा स्वच्छ येतो, आणि टीबी फुप्फुस सोडून गाठीत, पोटात किंवा मेंदूच्या आवरणात सापडतो. ज्याच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले आहेत अशा निरोगी माणसाला उभ्या आयुष्यात टीबी होण्याची शक्यता पाच ते दहा टक्के असते. एचआयव्ही असून त्याचे औषध चालू नसेल, तर जवळपास तेवढीच शक्यता एकेका वर्षात असते. एचआयव्हीसह जगणारी माणसे जगभरात सर्वांत जास्त टीबीनेच मरतात. हे माझ्या मैत्रिणींपैकी, शिकल्यासवरल्यांपैकी, किती जणींना ठाऊक आहे?

आपण मात्र २४ मार्चला टीबीची फेरी काढतो आणि १ डिसेंबरला एड्सची. मार्चच्या फलकावर एचआयव्ही नसतो, डिसेंबरच्या फलकावर टीबी नसतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, दोन्ही फेऱ्यांत विद्यार्थ्यांसोबत चालते, आणि दोन्ही वेळी मला वहिनी आठवते, कारण हे दोन आजार तिच्या एकाच देहात होते आणि कोणत्याच फेरीतल्या घोषणेत तिच्या कामाचे काही नव्हते.

दवाखान्यात ही फाळणी बरीच मिटली आहे, हे कबूल करायला हवे. टीबी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाची एचआयव्ही तपासणी होते, एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे मिळतात तिथे, प्रत्येक भेटीला ती चार लक्षणे विचारतात, दोन्ही औषधे तिथेच मिळतात आणि सगळे मोफत असते. पण दवाखान्याच्या दारापर्यंत माणूस पोहोचवण्याचे काम गावाचे आहे, आणि गाव अजून "एकीचा नवरा कशाने गेला" इथेच अडकले आहे.

वहिनीचे उपचार सुरू झाले तेव्हाची एक बारीकशी गोष्ट सांगते. टीबीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असते आणि त्याने लघवी लालसर केशरी होते. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण हे आधी सांगावे लागते. तिला सांगितले असेलही, त्या दिवशीच्या धक्क्यात तिच्या डोक्यात शिरले नसेल. तिला वाटले, आतून रक्त जात आहे. तिने कोणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या, कारण विचारायचे तर कोणत्या गोळ्या आणि कशासाठी, तेही सांगावे लागले असते. पुढच्या खेपेला एआरटी केंद्राबाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी एक ताई येऊन बसल्या. त्या स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या होत्या आणि नव्या रुग्णांशी बोलण्याचे काम करत होत्या. त्यांनी विचारले, "लघवी लाल होते का?" वहिनी म्हणते, त्या प्रश्नानंतर ती पहिल्यांदा रडली. त्याच दिवशी गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

मला लोकशिक्षण म्हणजे हे वाटते. बाकी घोषणा कितीही द्या.

गोळ्यांचा प्रश्न तिथे संपत नाही. आधी टीबीचे औषध सुरू करतात, आणि मेंदूच्या आवरणाचा टीबी नसेल तर साधारण दोन आठवड्यांच्या आत एआरटीही सुरू करतात. एआरटीने प्रतिकारशक्ती जागी होऊ लागली की कधी गाठ उलट फुगते, ताप परत येतो. वहिनीची गाठ फुगली तेव्हा घरात सर्वांनी ठरवूनच टाकले की औषध बाधले. शिवाय रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्राव्हिर या औषधाचा अंमल कमी होतो, म्हणून टीबीचे उपचार चालू असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी दोन आठवडे ते बारा तासांनी दुसऱ्यांदा घ्यावे लागते. ही दुसरी गोळी म्हणजे चुकून दिलेली जास्तीची गोळी नव्हे. पण ज्या घरात सासू विचारते की दिवसातून दोनदा कसली गोळी घेतेस, त्या घरात हीच गोळी सगळ्यांत आधी सुटते.

वहिनीने त्यावर उपाय शोधला होता. ती गोळ्यांच्या डबीवरचा कागद पाण्यात भिजवून सोलून काढायची, गोळ्या पावडरच्या रिकाम्या डब्यात भरायची, आणि बसमध्ये खुळखुळ वाजू नये म्हणून वरून घरच्याच कपाशीचा बोळा दाबून बसवायची. धुळ्याला जाताना घरी सांगायची की डोळे दाखवायला चालले. मला तिने हे सगळे सांगितले ते फार उशिरा, आणि सांगतानाही पहिले वाक्य होते, "ताई, कोनले सांगजो नको." मी म्हटले, वहिनी, तुम्हाला एवढी कशाची भीती वाटते? तर म्हणाली, "माले मरानं भेव नही, लोकेसना तोंडनं भेव वाटस."

हे लिहिताना मघाचा राग ओसरला आहे, कारण त्या फोटोतल्या सरपंचांचा हेतू वाईट नसणार. आशाताईंवर तर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यांना मी बोल लावणार नाही. आणि मोठी माय? तिने वहिनीचे ताट वेगळे केले होते, पेला वेगळा केला होता, नातवाला तिच्याजवळ झोपू देत नव्हती. पण तिलाही कोणी येऊन सांगितले नव्हते की गाठीचा टीबी खोकल्यातून पसरत नाही, फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो, ताटातून नाही, आणि एचआयव्ही तर एकत्र जेवल्याने किंवा लेकराला कुशीत घेतल्याने कधीच पसरत नाही. शेजारच्या गावातल्या त्या बाकावरच्या ताई एकदा घरी येऊन गेल्या, चहा प्याल्या, मोठ्या मायशी कापसाच्या भावावर बोलत बसल्या, आणि हळूहळू विषय काढला. ताट लगेच एक झाले नाही. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मात्र मोठ्या मायने वहिनीलाच चुलीपुढे बसवले आणि तिच्या हातची खापरावरची पुरणपोळी सर्वांनी खाल्ली.

तरीही काही गोष्टींत मी नरम होणार नाही. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कोणाला एचआयव्ही आहे हे त्याच्या संमतीशिवाय उघड करू नये, त्यावरून नोकरी, शिक्षण, उपचार किंवा राहती जागा नाकारू नये, असे तो कायदा सांगतो. फोटोखाली "हिचा नवरा कशाने गेला" असे विचारणाऱ्याने एचआयव्ही हा शब्द लिहिला नाही, म्हणून तो सुटला असे मी मानत नाही. रोगाची चर्चा चव्हाट्यावर व्हायलाच हवी, वडाच्या पारावर, महिला बचत गटात, कॉलेजात, बिनधास्त व्हायला हवी. रोग्याचे नाव मात्र कोणाच्या ओठावर येता कामा नये. आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे.

आणि ही चर्चा कोणाच्या भाषेत करणार, हेही ठरवावे लागेल. नंदुरबारकडची आणि धुळ्याच्या पश्चिम भागातली किती कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. दिवाळीनंतर गावे अर्धी रिकामी होतात. १ डिसेंबरची फेरी त्या रिकाम्या गावांतून काढून काय उपयोग? ही माणसे होळीच्या सुमारास परततात, होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारात डोंगरातून हजारोंनी उतरतात. तेव्हा तिथे भिलीत, पावरीत, अहिराणीत बोलणारी माणसे उभी करावीत, आणि ती शक्यतो हे दोन्ही आजार अंगावर काढलेली, स्वखुशीने बोलणारी माणसे असावीत. टीबीतून बरे झालेल्यांना टीबी चॅम्पियन म्हणून तयार करतात, एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे गटही आहेत. त्यांना एकाच व्यासपीठावर एकदा तरी आणा. मुकादमालाही सांगा की मजुराने उपचार अर्धवट सोडून यायची गरज नाही, टीबीच्या रुग्णाची नोंद निक्षय या सरकारी पोर्टलवर असते आणि तिच्या आधारे दुसऱ्या राज्यातही औषध मिळू शकते.

प्रतिबंधाचे तर कोणी बोलतच नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला टीबीची लक्षणे नसतील, तर आयसोनियाझिडची गोळी सहा महिने, सोबत बी६ जीवनसत्त्व, अशी टीबी होऊ नये म्हणूनची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. दादा असताना वहिनीची तपासणी झाली असती, तर ही गोळी तिला मिळाली असती आणि कदाचित ती गाठ आलीच नसती. हा विचार मला झोपू देत नाही. आज ती बरी आहे, एआरटी नियमित आहे, शेतात निंदणीला जाते. पण फोटोतली ती पदर ओढलेली बाई पुढच्या महिन्यात औषध घ्यायला येईल का, मला शंका आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी लेखी अर्ज देणार आहे. औषध किंवा आहार घेणाऱ्या कोणाचाही फोटो आणि नाव पंचायतीने प्रसिद्ध करू नये, वाटप घरपोच आणि साध्या पिशवीतून व्हावे, आणि टीबीच्या प्रत्येक कार्यक्रमात एचआयव्हीबद्दल व एचआयव्हीच्या प्रत्येक कार्यक्रमात टीबीबद्दल, एचआयव्ही असलेल्यांना दोन आठवड्यांच्या खोकल्याची अट नाही यासह, स्पष्ट सांगितले जावे, असे त्यात लिहिले आहे. ज्यांना आपल्या गावात असा अर्ज द्यायचा असेल त्यांनी मेसेज करावा, मी मसुदा पाठवते. आणि कोणाला स्वतःसाठी काही विचारायचे असेल तर ते इथे खाली लिहू नये. १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, तिथे नाव विचारत नाहीत.